आधी गच्ची, मग शेत, मग तोरणमाळ : खान्देशातून तारे पाहायला निघताना

दिवाळी सरून थंडी पडू लागली की मला ठरावीक फोन येतात. "ताई, सातपुड्यात तोरणमाळला जाऊन तारे बघायचेत. टेलिस्कोप कोणता घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं असतं. टेलिस्कोप घेऊ नका आणि तोरणमाळलाही एवढ्यात जाऊ नका. समोरचा हिरमुसतो, पण दोन्ही गोष्टींना कारण आहे.

खऱ्या अंधाऱ्या जागी एका वेळी अडीच-तीन हजार तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ज्याला घराच्या गच्चीवरून मृग ओळखता येत नाही, त्याला तो तिथे मुळीच सापडत नाही. जत्रेत आपलं माणूस चुकावं तसं होतं. मी पहिल्यांदा सातपुड्यात गेले तेव्हा पंधरा मिनिटं नुसती "बापरे, बापरे" करत होते. मग मान दुखायला लागली आणि चक्क कंटाळा आला, कारण आपण काय बघतोय तेच कळत नव्हतं. शंभर किलोमीटर गाडी चालवून कंटाळा विकत घेतला होता मी. तुम्ही तसं करू नका. पायरीपायरीने वर चढा.

पायरी पहिली : गच्ची किंवा धाबं

गावाकडच्या आमच्या घराला मातीचं धाबं होतं. उन्हाळ्यात सगळं घर गोधड्या घेऊन वर. आजी उत्तरेकडे बोट करून म्हणायची, "ती देख बाज, आन् त्या तीन चोर." सप्तर्षींचा चौकोन म्हणजे म्हातारीची बाज आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मधल्या चोराला चिकटून एक बारका तारा दिसतो. पुस्तकात त्या चोराला वसिष्ठ म्हणतात आणि बारक्या ताऱ्याला अरुंधती. म्हणजे लग्नात भटजी जी दाखवतात ती हीच. ती वेगळी दिसली तर नजर बरी आहे असं समजा.

शहरातल्या गच्चीवर तारे कमी दिसतात आणि शिकणाऱ्याला तेच सोयीचं. जळगावात काय, धुळ्यात काय, उजेडात टिकून राहतात ते फक्त ठळक तारे आणि नक्षत्रांचे सांगाडे त्यांचेच बनलेले असतात. म्हणून पहिला महिनाभर रोज दहा मिनिटं गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रस्त्यावरचा दिवा डोळ्यात येणार नाही असं बसा.

सुरुवात दिशेपासून करा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. ध्रुव तारा क्षितिजापासून तितकेच अंश वर दिसतो जितके आपल्या गावाचे अक्षांश असतात. जळगाव-धुळे साधारण २१ अंशांवर आहे, म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव. तो फार तेजस्वी असेल अशी अपेक्षा ठेवू नका, मध्यम तारा आहे. त्याची ख्याती जागा न सोडण्याची आहे. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत संध्याकाळी सप्तर्षींच्या बाजेचे चोरांपासून लांबच्या कडेचे दोन तारे जोडून रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो. हिवाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षी वर नसतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा वाकडातिकडा 'एम' कामाला येतो.

मग मृग. थंडीत पूर्वेला एका ओळीत तीन सारखे तारे दिसले की काम झालं. ती ओळ खाली वाढवली की व्याध, म्हणजे आख्ख्या रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. मृगाच्या खांद्यावरचा लालसर तो काक्षी, पायापाशी निळसर पांढरा तो राजन्य. एवढं पाठ झालं की हिवाळा तुमचा.

इथे एक गंमत सांगते, कारण शेतकरी मित्र हमखास अडतात. "मृग तर जूनमध्ये निघतो ना?" पेरणीच्या हिशोबातला मृग म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो काळ, ७-८ जूनच्या आसपास. सूर्यच त्या ताऱ्यांत बसलेला असल्यामुळे जूनमध्ये ते तारे दिवसा वर असतात आणि दिसत नाहीत. मृग बघायचा तर सूर्य त्याच्या बरोबर समोर गेलेला हवा, म्हणजे डिसेंबर. रोहिणी, आर्द्रा, पुनर्वसू, स्वाती, चित्रा ही सगळी नावं आपल्या तोंडात पावसाच्या निमित्ताने आधीपासून आहेत, फक्त त्यांचे चेहरे पाहायचे राहिलेत.

फोनवर स्टेलॅरियम हे ताऱ्यांचा नकाशा दाखवणारं ॲप टाकून घ्या, फुकट मिळतं. पण क्रम उलटा ठेवा. आधी स्वतः शोधा, मग फोनला विचारा. फोन डोळ्यांसमोर धरून आकाशभर फिरवत राहिलात तर फोन शिकेल, तुम्ही नाही.

पायरी दुसरी : भिंतीवरचं कॅलेंडर

हौशी माणसाची सहल बहुतेक वेळा चंद्रामुळे वाया जाते. ढग निदान बेभरवशाचे असतात, चंद्र तर वर्षभर आधी वेळ छापून येतो. तरी लोक शनिवार-रविवार बघून निघतात आणि वर पोचल्यावर चांदण्यात न्हातात. आमच्या ओळखीतल्या एका मंडळाने तर कोजागिरीलाच तारे बघायचा बेत केला होता. दूध उत्तम झालं होतं म्हणे.

पौर्णिमेच्या आगेमागे आठवडाभर तारे विसरा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. तुमच्या कॅलेंडरात संकष्टी चतुर्थीचा चंद्रोदय छापलेला असतो, तोच धरून हिशोब करा. समजा संकष्टीला चंद्रोदय ९ वाजता आहे, तर चार दिवसांनी अष्टमीला तो सव्वाबाराच्या पुढे जातो. म्हणजे कृष्ण अष्टमीपासून अर्धी रात्र तुमची, दशमीपासून बहुतेक सगळी. अमावास्येनंतर शुक्ल तृतीया-चतुर्थीपर्यंत चालतं, कारण ती कोर लवकर मावळते. महिन्यात अशा आठ-नऊ रात्री मिळतात, त्यांतला शनिवार पकडा.

सणांच्या तिथ्याही याच चष्म्यातून बघायला शिका. होळीला सातपुड्यात जरूर जा, काठी गावची होळी बघा, ढोल ऐका, पण ती पौर्णिमा. महाशिवरात्र कृष्ण चतुर्दशीला, म्हणजे आकाश काळं कुळकुळीत, पण त्याच वेळी तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा भरते आणि हॅलोजन लागतात. धनत्रयोदशीच्या सुमाराची सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा अंधाऱ्या पक्षातली. ती मुळात चालण्याची आणि श्रद्धेची वाट आहे, तिथे चटई पसरून बसायला जागा नाही. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. वैशाख शुद्ध तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते, माहेरवाशिणी झोक्यावर असतात, सगळं गाव गच्चीवर झोपतं. खान्देशी माणसाला ताऱ्यांसाठी आखाजीइतकी सोयीची रात्र नाही. तिच्याकडे पुढे परत येते.

पायरी तिसरी : कोणत्या ऋतूत काय

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत घरी बसा. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या ययाती उल्कावर्षावाची बातमी दरवर्षी पेपरात येते आणि आपल्याकडे दरवर्षी ढग असतात.

पाऊस गेल्यावर हवा धुतलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फटाक्यांच्या धुराचे चार दिवस सोडले, तर संध्याकाळी पश्चिमेला आकाशगंगेचा जाड भाग मावळताना सापडतो आणि डोक्यावर देवयानी हा तारकासमूह येतो. डिसेंबर-जानेवारी हा मृगाचा, कृत्तिकांचा आणि मिथुन उल्कावर्षावाचा काळ. तो १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो, त्या वर्षी चंद्र आडवा आला नाही म्हणजे झालं. पण याच दिवसांत तापीच्या खोऱ्यात थंड हवा खाली बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते आणि शेकोट्यांचा, भट्ट्यांचा धूर त्याखाली कोंडतो. सपाटीवर क्षितिजाजवळ करडा पट्टा दिसतो तो हाच. डोंगरावर गेल्याचा खरा फायदा इथे कळतो. तुम्ही त्या झाकणाच्या वर असता.

फेब्रुवारीच्या संध्याकाळी नऊच्या सुमारास दक्षिणेला व्याधाच्या बऱ्याच खाली एकटाच झळकणारा तारा दिसेल. तो अगस्त्य. आपल्या अक्षांशावर तो जेमतेम दीड मूठ वर येतो, म्हणून दक्षिण मोकळी हवी.

मार्च ते मे म्हणजे जागरण करणाऱ्यांचे महिने. आकाशगंगेचा मधला, सर्वांत भरगच्च भाग वृश्चिक आणि धनू यांच्या मध्ये आहे. मार्चमध्ये तो पहाटे साडेतीनला नीट वर येतो, एप्रिलमध्ये दोनला, मेमध्ये मध्यरात्रीच. युरोपातल्या माणसाला वृश्चिकाची नांगी क्षितिजाला घासताना दिसते किंवा दिसतही नाही. आपल्याकडे तो विंचू आख्खा वर येतो, नांगीसकट. उन्हाळ्यातला शत्रू धूळ. दुपारची झळ धुरळा उठवते आणि रात्री तारे मळकट दिसतात. वळवाची एखादी सर पडून गेली की लगेच दुसरी रात्र गाठा. तसं आकाश वर्षात मोजून दोन-तीनदा मिळतं.

पायरी चौथी : ओळखीचं शेत

आता घराबाहेर पडा, पण फक्त १५-२० किलोमीटर. खान्देशात ज्याच्या ओळखीत कुणाचंच शेत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होतेच. तिलाच तारे जोडा.

जागा निवडताना एकच बघा, उजेड कुठल्या बाजूला आहे. शहराचा उजेड क्षितिजावर पिवळट घुमटासारखा दिसतो. भुसावळ-दीपनगरच्या बाजूला तो मोठा आहे, महामार्गाच्या कडेने ढाब्यांचे दिवे आहेत. तुम्हाला मोकळी हवी ती दक्षिण, म्हणून शहराच्या दक्षिणेला जा म्हणजे उजेड पाठीशी राहील. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला अनेकांना सुचतो. सूर्यास्ताला छान, पण शहर आणि मुंबई-आग्रा महामार्ग दोन्ही पायाशी आहेत. साक्रीच्या बाजूला ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जिथून दिसतात, तिथे एखादा लुकलुकता लाल दिवा नजर खेचत राहतो. आधी दिवसा जाऊन या. विहीर कुठे, तारेचं कुंपण कुठे, बांध कुठे खचलाय हे अंधारात शोधायचं नसतं.

मग भरिताचा प्रश्न. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजल्याशिवाय भरीत होत नाही आणि जाळाकडे पाहिलेल्या डोळ्यांना तारे दिसत नाहीत. यावर तोडगा क्रमाचा. दिवस मावळायच्या आत भाजा, जेवा, निखारे पाणी मारून विझवा, आणि मग घड्याळ लावून अर्धा तास काही उजेड बघू नका. डोळ्यांतल्या मंद प्रकाशाच्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. एक व्हॉट्सॲप उघडलं की ती सगळी मेहनत पाण्यात, परत पहिल्यापासून सुरू. हे सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून मी सगळ्यांचे फोन भाकरीच्या टोपलीत ठेवून वर फडकं टाकते. उजेड लागलाच तर बॅटरीच्या तोंडावर पतंगाच्या लाल कागदाच्या तीन-चार घड्या रबराने बांधा. लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा घात तिथेच होतो.

डोळे सरावले की आकाशाची परीक्षा घ्या. कृत्तिका किती मोजता येतात? गच्चीवर चार-पाच, शेतात सहा, आणखी चांगल्या जागी सातच्या पुढे. डोक्यावरून जाणारा आकाशगंगेचा पट्टा दिसतो का? देवयानीतला तो अंधूक धुकट ठिपका दिसतो का? तो थेट रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा, कडेच्या नजरेत तो उमटतो. तो ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी एक आख्खी दीर्घिका. आज डोळ्यात शिरलेला तिचा उजेड तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली. अमेरिकेतल्या जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये अंधाराची १ ते ९ अशी मोजपट्टी मांडली, ती अशाच खुणांवर आहे. तिच्यात १ म्हणजे काळोख आणि ९ म्हणजे शहराचा मध्य.

आमच्या अशा एका रात्री बांधावरून बॅटरी हलत आली. केळीला पाणी द्यायला निघालेले बाबा होते, कारण शेताची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. "काय देखी राह्यनात भाऊ?" आम्ही टॅबवर सप्तर्षी दाखवले. त्यांनी टॅबकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं आणि बाज आता आडवी होईल तेव्हा पहाटेचे किती वाजतील ते सांगितलं. रात्रीची वीज हा शेतकऱ्याच्या जिवाला घोर आहे, बिबट्याच्या भीतीत पाणी भरावं लागतं. पण खान्देशात आज सगळ्यांत जास्त आकाश बघणारी माणसं तीच आहेत. ती भेटली तर ॲप बाजूला ठेवा.

काय न्यायचं ते पटकन सांगते. जाड चटई, तिच्याखाली प्लास्टिक, कारण पहाटे दवाने सगळं चिंब होतं. गोधडी आणि कानटोपी, डिसेंबरात असाल तर दोन-दोन. बंद बूट. डासांचं मलम. थर्मास, कळण्याची भाकरी, ठेचा. जड जेवून आडवं पडलात तर आकाशाऐवजी घोरणं होतं. दुर्बीण घ्यायची तर १०×५० किंवा ७×५० (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरचा), त्याहून मोठी हातात थरथरते. कोपर छातीला टेकवून किंवा आडवं पडून धरा. तिच्यातून मृगाच्या म्यानातला धुकट तेजोमेघ, शर्मिष्ठा-ययातीमधला जुळा तारकागुच्छ आणि गुरूचे चार चंद्र दिसतात. टेलिस्कोपचा विचार या सगळ्याला वर्ष झाल्यावर. स्वस्तातला डुगडुगणारा टेलिस्कोप घेऊन माळ्यावर टाकलेली निदान पाच घरं मला माहीत आहेत, त्यातलं एक माझं.

पायरी पाचवी : डोंगर

महाराष्ट्रात अंधाऱ्या आकाशाचा आंतरराष्ट्रीय शिक्का मिळालेली जागा म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्प, जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. पण तो पार विदर्भात. आपल्याला उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे. रात्र काढायला मी तीन जागा सांगेन, आणि तिन्हींचं आकाश वेगवेगळं आहे.

पाटणादेवी चाळीसगावहून १८-२० किलोमीटरवर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. मला ही जागा सगळ्यांत जवळची वाटते ती आकाशापेक्षा जमिनीमुळे. इथल्या शके ११२८ च्या शिलालेखात, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमारास, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि मठाला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिलं. लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्याचा शेवटचा भाग संस्कृत सोडून मराठीत उतरतो. भास्कराचार्य स्वतः इथले का, यावर विद्वानांचं भांडण चालू आहे, चालू दे. पण 'सिद्धान्तशिरोमणी', जो त्यांनी ११५० मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला, तो ग्रहगणिताचा ग्रंथ आठशे वर्षांपूर्वी या दरीत मुलांकडून घोकून घेतला जात होता एवढं पक्कं. तिथे पाठ टेकून वर बघताना याची आठवण राहतेच.

आकाश म्हणाल तर पाटणादेवी म्हणजे वाटी. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे चाळीसगावचा उजेड बराच अडतो आणि डोक्यावरचा भाग सुरेख काळा दिसतो. पण दक्षिणेचा कडाही अडतो. अगस्त्य, त्रिशंकू हे दक्षिणेला खाली दिसणारे तारे इथून मागू नका. देवयानी, कृत्तिका, मृग, उल्का यांसाठी या.

पाल, रावेर तालुक्यात, यावल अभयारण्याला लागून. जळगाव-भुसावळकडच्यांना हे सोयीचं. उत्तरेचं आकाश छान, दक्षिणेला भुसावळच्या बाजूचा घुमट थोडा जाणवतो. गारबर्डी धरणाकडच्या मोकळ्या भागात आकाश रुंद मिळतं, मात्र पाण्याजवळ दव लवकर पडतं आणि दुर्बिणीच्या काचा धूसर होतात. पंचा जवळ ठेवा, काच जोरात पुसू नका.

तोरणमाळ शेवटी, कारण ते सर्वांत चांगलं आहे. शहाद्याहून सातपायरीचा घाट चढून सुमारे ११०० मीटरवर पठार. टाकी शहाद्यातच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, दिवस असताना वर पोचा. यशवंत तलावाजवळ वस्तीचे दिवे असतात, म्हणून तिथून थोडं दूर, पठाराच्या दक्षिण अंगाची मोकळी जागा दिवसाच हेरून ठेवा. सीताखाईसारख्या कड्यांवर रात्री जाऊ नका. वर बघत मागे सरकणारा माणूस आणि कडा यांचं जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या या उंच भागात, विशेषतः डाब गावाकडे, दवबिंदू गोठतात. हातमोजे, दोन पायमोजे, आणि प्रत्येकी एक जाड रजई.

मुक्काम ठरवताना फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा विचारू नका. विचारा, "अंगणातला दिवा रात्री बंद करता येईल का?" सातपुड्यातल्या एका मुक्कामी मी आगाऊ पैसे भरून गेले, आणि अंगणातला हॅलोजन रात्रभर चालू. बटण ज्या खोलीत, तिला कुलूप, किल्लीवाला गावाला. आम्ही शेवटी रजया घेऊन गोठ्यामागे जाऊन झोपलो. म्हशींनी काही तक्रार केली नाही.

रात्र कशी घालवायची

हिवाळ्यातला बेत असा ठेवा. साडेसातला डोक्यावर देवयानी, आधी डोळ्यांनी, मग दुर्बिणीने. नऊपर्यंत कृत्तिका-रोहिणी चांगल्या वर. दहाला मृगाचा तेजोमेघ. मग अकरा ते एक नुसतं आडवं पडून उल्का. रांगेत शिस्तीत जाणारे वीस-पंचवीस दिवे दिसले तर घाबरू नका, ते स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह. मध्यरात्रीनंतर ज्यांना झोप येते त्यांना झोपू द्या, बळजबरीने जागवलेला माणूस पुढच्या खेपेला येत नाही.

आखाजीचा बेत वेगळा. कोर मावळू द्या. एप्रिलच्या शेवटी रात्री साडेदहाला, मेच्या मध्याला साडेनवाच्या सुमाराला, थेट दक्षिणेला क्षितिजालगत चार ताऱ्यांचा छोटा पतंग उभा राहतो. तो त्रिशंकू. त्याचा खालचा तारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त सहा अंश वर येतो, म्हणजे अर्ध्या मुठीच्या थोडा वर, म्हणून समोर झाड, टेकडी, धूळ काही चालत नाही. तोरणमाळच्या दक्षिण कडेकडून खाली तापीचं सपाट खोरं असल्यामुळे तो सापडतो. शहाद्याचे दिवे खाली लुकलुकतात, ते सोसावे लागतात. थोड्या वेळाने त्याच्या डाव्या अंगाला मित्रक आणि मित्र हे दोन ठळक तारे वर येतात. मित्र म्हणजे सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या जरा पुढे. त्रिशंकूच्या बऱ्याच वर, दोन मुठी उंचीवर, दुर्बिणीत कापसाच्या बोंडासारखा एक गोळा दिसतो. तो ओमेगा सेंटॉरी, जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ. मी आजपर्यंत जितक्या लोकांना दाखवला, त्यांतल्या कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाने त्याला बोंडच म्हटलं आहे.

फोटो काढायचे असतील तर तिपाई हवीच. भिंग जितकं उघडतं तितकं उघडा, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ १५ सेकंदांच्या आसपास. पण पहिल्या दोन रात्री कॅमेरा घरी ठेवा. बाकी मंडळींना त्याच्या पडद्याचा उजेड सोसत नाही आणि तुम्हाला आकाश दिसत नाही.

परवानगी, माणसं, जनावरं

अभयारण्यात रात्री मनाला येईल तिथे थांबता येत नाही. पाल आणि पाटणादेवीसाठी आधी वन विभागाकडे चौकशी करा, मुक्कामाच्या आवारातूनच आकाश बघा. बिबटे, अस्वलं, साप आहेत. आवाज नको तितका नको, पण पूर्ण शांत अंधारात एकट्याने झुडपाकडे जाऊ नका. लघवीला जाताना दोघांनी जायचं आणि लाल बॅटरी बाजूला ठेवून पांढरी लावायची. तारे परत दिसतील. बायका-मुली असतील तर संडास-बाथरूम चालू आहे का हे आधीच विचारून घ्या, वर पोचल्यावर नाही.

गावात मात्र दिवसाच ओळख द्या. पोलीस पाटलांना भेटा, गाडी कुठे उभी राहील ते सांगा, दुर्बीण दाखवा, पोरांना बोलवा. रात्री माळरानावर अनोळखी माणसं, नळ्या-तिपाया आणि लाल दिवे म्हटल्यावर कुणालाही शंका येईल. २०१८ च्या जुलैत साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात निव्वळ अफवेवरून पाच जणांचा जीव गेला. तेव्हापासून मी ही भेट कधी चुकवलेली नाही. आणि पाड्यावरच्या पावरा-भिल्ल घरांत त्या आकाशाच्या स्वतःच्या गोष्टी असतात. आपली नक्षत्रं सांगून झाली की गप्प बसून त्या ऐका.

शेवटचं काम परतीचं. तारे पाहून पहाटे चारला "निघू या, ट्रॅफिक नसेल" असं कुणीतरी म्हणतंच. त्याच्याकडून किल्ली काढून घ्या. घाटात झोपेची डुलकी परवडत नाही, आणि खाली शहाद्याच्या रस्त्याला हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात ज्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो. आठपर्यंत झोपा, चहा घ्या, रात्रीचं प्लास्टिक आणि वांग्याची सालं उचला, आणि उन्हं चढल्यावर उतरा.